खातं मायनसमध्ये? पैसे भरण्याआधी हे बघा

जुन्या पगार खात्यावर अचानक ‘उणे ८५० रुपये’ दिसले, की माणूस घाबरून आधी पैसे भरतो. थांबा. स्टेटमेंट मागवा आणि कोणता आकार कशापोटी लावलाय ते ओळीनं तपासा. किमान शिल्लक नसल्याचा दंड लावून बचत खातं शून्याखाली नेता येत नाही. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहे. (शाखेत हे सहसा कुणी आपणहून सांगत नाही!) कार्डाची फी, हप्ता परत गेल्याचा आकार या गोष्टी वेगळ्या, त्या सरसकट नाकारू नका. दंड परत घ्या, असं लेखी कळवून पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. फी लागत नाही.