मराठवाड्यातून नाशिकला आलात? पहिल्या पावसाआधी ब्रेकचं एवढं ऐका

लातूरहून अंबड एमआयडीसीत नोकरीला आलो, त्याला १४ वर्षं झाली. आपल्याकडे सर येते आणि जाते. इथे त्र्यंबक-इगतपुरीच्या बाजूला पाऊस मुक्कामालाच येतो. शहरात त्या मानाने कमी, म्हणून नवा माणूस घोटीकडे जाताना गाफील सापडतो.

मीही सापडलो होतो. मुंढेगावजवळ बराच वेळ ब्रेकला पाय न लावता चाललो होतो. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, पेडल दाबलं, आणि पहिला क्षणभर गाडीने ऐकलंच नाही. डिस्कवर, म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या ब्रेकच्या चकतीवर, पाण्याचा थर बसला होता. तिला दाबणाऱ्या पॅडने तो पुसल्यावरच पकड आली. मागच्या सीटवर पोरं होती. तेव्हापासून भर पावसात, मागे कोणी नसेल तेव्हा, दर थोड्या वेळाने पेडल हलकं दाबून डिस्क पुसून घेतो. तुम्हीही ही सवय लावाच.

साचलेल्या पाण्यातून गाडी काढली, तर मागच्या चाकांच्या ब्रेक-ड्रममध्ये पाणी शिरतं आणि ते लवकर सुकत नाही. हळू चालवत ब्रेक हलके दाबत राहा. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर वेग वाढवू नका.

सकाळी पहिल्या ब्रेकला खरखर आली तर घाबरू नका. डिस्क बिडाची असते, रात्रीत तांबूस गंज धरते, चार-दोन ब्रेकमध्ये निघून जातो. झडीत गाडी आठवडाभर उभी राहणार असेल, तर मात्र सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. ओढलेला हँडब्रेक चिकटून बसतो.

पेडल कडक लागतंय, तरी गाडी घसरतेय? मग दोष टायरचा. कायद्याने नक्षी १.६ मिमी चालते. मी ३ वरच बदलतो. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू होऊन पेडल थरथरलं तर पाय उचलू नका, दाबूनच ठेवा.

कसारा घाट उतरताना खालचा गिअर, सतत ब्रेक दाबले तर ते तापतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ३ दर्जाचं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरलेलं १४० च्या आसपासही उकळू शकतं. मग बुडबुडे होतात, पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर २ वर्षांनी बदला.

आणि गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याचं कळलं, की गोदाकाठी लावलेली गाडी आधी वर आणा. चाकं बुडालीच, तर ड्रम उघडून साफ करून घेतल्याशिवाय घाटाकडे नेऊ नका.