पुलांचा नकाशा करताना: एका शाखा अभियंत्याची वही

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात गेला. दुसऱ्याच आठवड्यात वरून फोन, तुमच्या हद्दीत जुने कमानी पूल किती? माझ्याकडे रजिस्टरं तीन आणि आकडेही तीन! तेव्हा क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर शिकलो. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं.

आधी प्रत्येक पुलाला नंबर द्या. नावावर जाऊ नका. आमच्याकडे 'मोठी मोरी' नावाच्याच चार आहेत. रस्ता क्रमांक आणि साखळी, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, जोडून नंबर करा. पुढे रस्ता सुधारला की साखळी सरकते, पण दिलेला नंबर हलवायचा नाही.

मग मोबाइलवर क्यूफील्ड टाका, हे क्यूजीआयएसच्या नकाशावर जागेवरच नोंद करायचं अ‍ॅप. घाटात रेंज नसली तरी नोंद होते. एक्सेलमधली जुनी यादी आणणार असाल तर एक्स म्हणजे रेखांश, वाय म्हणजे अक्षांश. माझी अदलाबदल झाली आणि पोलादपूरचे सगळे पूल नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडले.

सगळ्यात महत्त्वाचं, तक्ते दोन ठेवा. पुलांचा एक, तपासण्यांचा दुसरा. दोन्ही पुलाच्या नंबराने जोडलेले. एकच तक्ता ठेवलात तर यंदाची नोंद गेल्या वर्षीची पुसते, आणि भेग वाढली का, हे कधीच कळत नाही. 'स्थिती' हा रकाना लिहायचा नको, निवडायचा ठेवा. नाहीतर सगळे पूल 'ठीक' होतात. फोटो दर वेळी त्याच जागेवरून.

पायाशेजारची खरवड, म्हणजे पाण्याने तळ उकरून पडलेला खड्डा, मोजायला मी ओळंबा वापरतो. कठड्यावर लाल रंगाची खूण, तिथून दोरी तळापर्यंत, पावसाळ्याआधी आणि नंतर. पण फसू नका. पुरात पडलेला खड्डा पाणी ओसरताना वाळूने पुन्हा भरतो आणि माप जुन्याइतकंच येतं. म्हणून पाणी उतरलं की आमचा मैलकुली, म्हणजे रस्त्याची देखभाल करणारा कामगार, पायाजवळ सळई ठोकून बघतो. सळई भसकन आत गेली की ती खोलीही तक्त्यात घालतो.

नद्यांच्या रेषा उपग्रहचित्रावरून आखून ठेवा. पूर आला की नदीच्या रेषेला लागून असलेले पूल निवडायचे, त्यातले मागची खरवड जास्त असलेले वर घ्यायचे. आमची पहाटेची जीप त्याच क्रमाने निघते.