बोटीवर जाताय? मेडिकल आणि यलो फीवरच्या या चुका टाळा

जॉइनिंगची तारीख आली की पोरं सीडीसी (खलाशाचं सेवापुस्तक), पासपोर्ट, एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवर कामाला लागणारे सक्तीचे) कोर्स सगळं चार-चारदा तपासतात आणि तब्येतीचे कागद मात्र शेवटच्या आठवड्यात. क्रूइंगच्या (बोटींवर माणसं पाठवायच्या) ऑफिसात बसून तीच तीच रड ऐकून कान किटलेत, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

यलो फीवर

यलो फीवर म्हणजे डासांमुळे पसरणारा पीतज्वर. ब्राझील, नायजेरिया, घाना, अंगोला असलं काही रूटवर असेल तर त्याच्या लसीचं सर्टिफिकेट लागणारच. लस टोचली की काम झालं असं नाही, पहिल्यांदा घेतली असेल तर सर्टिफिकेट लागू होतं ते दहा दिवसांनी, हा आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम आहे आणि त्यात कॅप्टन, एजंट, आमदार कोणाचीही चिठ्ठी चालत नाही. तरी "सर, परवा फ्लाइट आहे, आज घेतली तर चालेल ना?" हा फोन येतोच. शिवाय ही लस गल्लीतल्या क्लिनिकला मिळत नाही, सरकारने ठरवलेल्या सेंटरलाच मिळते, मुंबईत पोर्ट हेल्थ (बंदराचं सरकारी आरोग्य ऑफिस), गोव्यात मुरगावचं पोर्ट हेल्थ वगैरे. एका बाटलीत बरेच डोस असतात आणि एकदा कालवली की काही तासांत संपवावी लागते, म्हणून ते लोक वार ठरवून माणसं जमवून टोचतात. न विचारता गेलात तर हात हलवत परत.

आता पुस्तक, म्हणजे लस घेतल्यावर मिळणारं ते पिवळं सर्टिफिकेट. नाव पासपोर्टसारखंच हवं (वडिलांचं नाव पासपोर्टवर आहे आणि पुस्तकात नाही, हे आपल्याकडे हमखास), तारखेतला महिना अक्षरात, बॅच नंबर, डॉक्टरची सही, सेंटरचा शिक्का. आणि तुमची स्वतःची सही! ती बहुतेकांची नसतेच. खाडाखोड दिसली तर समोरचा अधिकारी अख्खं सर्टिफिकेट बाद करू शकतो, त्यामुळे चूक झाली तर तिथल्या तिथे दुसरं पुस्तक मागून घ्या, व्हाइटनर लावून घरी येऊ नका. आणखी एक, 11 जुलै 2016 पासून हे सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं, जुनी सर्टिफिकेटंसुद्धा, वर दहा वर्षं छापलेलं असलं तरी. "एक्स्पायर झालं" म्हणून फेकून देणारे महाभाग आहेत.

पण पुस्तक असूनही माणूस कसा अडकतो ते ऐका. गुहागरकडचा आमचा एक ऑयलर (इंजिन रूममधला खलाशी), नायजेरियातल्या लागोसला साइन ऑफ (काम संपवून बोटीवरून उतरणं), गणपतीला घरी पोचायचं म्हणून महिनाभर आधीपासून मागे लागलेला. बोटीवर सगळ्यांचे कागद कॅप्टनच्या ऑफिसात असतात, उतरताना याने पासपोर्ट, सीडीसी घेतलं आणि पिवळं पुस्तक फाइलमध्येच राहिलं. मुंबईला उतरल्यावर हेल्थ काउंटरला मोबाइलमधला फोटो दाखवतोय. फोटोवर कोण सोडणार? हा रोग पसरवणारा डास आपल्याकडे आहेच, रोग नाही, तो येऊ नये म्हणून तर ही सगळी कडक चौकी. नायजेरियातून निघाल्यापासून सहा दिवस पुरे होईपर्यंत क्वारंटाइन. मला फोन, ऑफिसला फोन, बायकोचा मला फोन, बोट तोवर पुढच्या पोर्टला निघालेली, म्हणजे ओरिजिनल यायचा प्रश्नच नाही. घरचा गणपती पाच दिवसांचा, हा आत असतानाच येऊन गेलासुद्धा. तेव्हापासून मी साइन ऑफच्या आदल्या दिवशी प्रत्येकाला मेसेज टाकतो की पुस्तक हातात धरून फोटो पाठव, आणि पासपोर्टला रबर बँड लावूनच ते ठेवायला सांगतो. पोरं हसतात. हसू देत.

टोचून न घेता शिक्का मारून देणारे एजंटही फिरत असतात. यलो फीवरवर नेमकं औषध नाही, आजार शेवटच्या टप्प्यात गेला तर जवळपास निम्मे जगत नाहीत, आणि तुम्ही दोन तासांची रांग वाचवताय. अंड्याची जबरदस्त अ‍ॅलर्जी किंवा प्रतिकारशक्तीचा काही त्रास असेल तर डॉक्टरला आधी सांगा, तशांना ही लस देत नाहीत, सूटपत्र मिळतं, पण समोरचा देश तरी वेगळं ठेवू शकतो हे धरून चाला.

मेडिकलला लपवाछपवी

बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे, मागे मुतखडा झालेला, फॉर्मवर मात्र सगळीकडे "नाही". अरे, डॉक्टर तुमचा दुश्मन नाही! गोळीवर कंट्रोलमध्ये असलेलं बीपी असलेली कितीतरी माणसं फिट होऊन जातात. लपवलंत आणि समुद्रात दुखणं उपटलं तर काय? एमएलसी 2006 (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) मध्ये आजारपणाचा खर्च मालकावर आहे खरा, पण करार करताना मुद्दाम लपवलेल्या आजाराला तो नाही म्हणू शकतो. गोळ्या चिठ्ठीसकट न्या, कॉन्ट्रॅक्ट पुरेल इतक्या.

मेडिकलचं सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, अठराच्या आतल्याला एकच वर्ष. प्रवासात संपलं तर अप्रूव्हड डॉक्टर मिळेल त्या पुढच्या पोर्टपर्यंत चालतं, जास्तीत जास्त तीन महिने, त्याला "तीन महिन्यांची एक्स्टेन्शन" समजून घरी लोळत पडू नका. नऊ महिन्यांच्या कॉन्ट्रॅक्टला निघताना चार महिने उरलेले असतील तर मी सरळ नवीन मेडिकल करायला लावतो.

बाकीच्या

रंगांधळेपणाची टेस्ट अकॅडमीची फी भरायच्या आधी करा. नंतर इशिहाराच्या (रंगीत ठिपक्यांत आकडा ओळखायच्या) प्लेटा पाठ करून कोणी पास झालाच तरी रात्री लाल-हिरवे दिवे त्यालाच ओळखायचे आहेत.

मलेरियाच्या गोळ्या आफ्रिका सुटली की बंद करू नका, डॉक्सीसायक्लिन असेल तर पुढे चार आठवडे. घरी आल्यावर ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य "मी आफ्रिकेतून आलोय".

सेकंड ऑफिसरांनो, हेल्थ डिक्लरेशन (बोटीवरच्या तब्येतीचं बंदराला द्यायचं पत्रक) मागच्या पोर्टचं कॉपी-पेस्ट करू नका, गेल्या तीस दिवसांतली पोर्टं त्यात बदलतात. बोटीच्या स्वच्छतेचं सॅनिटेशन सर्टिफिकेट सहाच महिने, तारीख तुम्हीच बघा.

कोडीनवालं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल असलं बॅगेत टाकून दुबई-फुजैराला जाऊ नका. तिकडे खसखससुद्धा बंद आहे, सिंगापूरलाही, आणि भरपूर खाल्ली तर लघवीच्या ड्रग टेस्टमध्येही दिसू शकते. तेव्हा आईने डब्यात दिलेले अनारसे घरीच संपवा, तेही टेस्ट झाल्यावर.