खानदेशातल्या मंडळीत बाप्तिस्म्याची तयारी: माणूस, पाणी आणि विधी

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रवेशाचा पाण्याचा विधी. 'बाप्तिस्मा' या शब्दामागच्या ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात प्रेषित पौल तो अर्थ उलगडून सांगतो: पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरून पुरलं जाणं, आणि वर येणं म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनात उठणं. माणूस अर्धवट भिजला, घाबरून धडपडला किंवा बघणाऱ्यांना काही दिसलंच नाही, तर हे चित्र पुसट होतं. म्हणून पाण्याची आणि माणसाची तयारी हा अर्थाचाच भाग समजा.

भुसावळ, जळगाव, चाळीसगाव पट्ट्यातल्या अलायन्स (ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनच्या) मंडळ्या आणि नवापूर-नंदुरबारकडच्या जुन्या मिशनच्या मंडळ्या विश्वास कबूल करणाऱ्याला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात. पुढची माहिती त्या पद्धतीची आहे. कॅथलिक मंडळीत स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) तान्ह्या बाळालाही देतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया 1970 मध्ये नागपूरला स्थापन झालं; तिथे बालकांचा आणि विश्वासणाऱ्यांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत. आपल्या पाळकांना (चर्चच्या धर्मगुरूंना) आधी विचारा.

आधी माणूस

निदान चार-सहा वर्ग घ्या. गावाकडे बरेच जण आजारात प्रार्थनेनं बरं वाटलं म्हणून येतात आणि बाप्तिस्म्याला औषधाचा शेवटचा डोस समजतात. आठ दिवसांनी ताप परत आला की विश्वासच डळमळतो. म्हणून पहिल्याच वर्गात स्पष्ट सांगा: हे पाणी औषध नाही आणि पाणी स्वतः पाप धुतही नाही, क्षमा ख्रिस्त देतो, बाप्तिस्मा ही त्याची उघड कबुली आहे.

तयारी झाली का, हे पाठांतरावरून ठरवू नका. "येशू तुझ्यासाठी का मेला?" याचं उत्तर माणसाला स्वतःच्या शब्दांत देता आलं पाहिजे, आणि तेही घरच्या बोलीत. अहिराणी बोलणाऱ्या आजीला "तुना येशूवर इस्वास शे का?" असं विचारलं की ती मनातलं बोलते, पुस्तकी मराठीत विचारलं की नुसती मान हलवते. मावची किंवा पावरी बोलणाऱ्यांसाठी त्यांच्यातलाच वडील (मंडळीतला जबाबदार ज्येष्ठ) बरोबर घ्या.

पैसे, नोकरी, धान्य, शाळेतला प्रवेश यांचा या गोष्टीशी काडीचाही संबंध येता कामा नये. घरच्यांपासून लपवून कोणाला पाण्यात उतरवू नका. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी आई-वडील दोघांची संमती घ्या. नाव बदलावं लागतं हाही गैरसमज आहे, बायबलमध्ये तशी अट नाही.

पाणी कुठलं?

चर्चमध्ये हौद असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर लोकांचे डोळे आधी नदीकडे वळतात. तापी, गिरणा, पांझरा या नद्यांत मोठा धोका वाळू उपशाच्या खड्ड्यांचा. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि दोन पावलांवर पुरुषभर खड्डा असतो. आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी काठीनं तळ चाचपा, सुरक्षित जागेच्या चारी बाजूंना काठ्या रोवून दोर बांधा. वर धरण असेल तर आवर्तन सुटणार आहे का, याची चौकशी करा. शेवाळलेला खडक टाळा.

शेततळ्यात मात्र कधीच उतरू नका. उतरत्या कडेचा प्लास्टिक कागद ओला झाला की पाय ठरत नाही, आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही.

सगळ्यात बरा उपाय म्हणजे चर्चच्या आवारात खड्डा. सात फूट लांब, चार फूट रुंद, साडेतीन फूट खोल खणून त्यात शेततळ्याचा जाड कागद अंथरा आणि पाणी तीन फूट भरा. त्याला सुमारे 2,400 लिटर लागतं. काळ्या मातीत कडा ढासळतात, म्हणून बाजूला मातीच्या गोण्या रचा. तळाला कागदाच्या चुण्यांत पाय अडकतो, त्यावर गोणपाट टाका. उतरायला वाळूच्या गोण्यांच्या पायऱ्या पुरतात. एवढ्या पाण्याचं वजन जवळजवळ अडीच टन होतं, त्यामुळे गच्चीवर किंवा माळ्यावर तात्पुरता हौद उभारू नका.

डिसेंबर-जानेवारीत बोअरचं ताजं पाणी कोमट असतं. त्याच सकाळी भरा आणि विधी दुपारी ठेवा. उन्हाळ्यात उलट करा: आदल्या संध्याकाळी भरून ठेवा आणि सकाळी आठच्या आत विधी उरका. पाणी गरम करायला विजेचा रॉड टाकू नका. रॉड काढायचा विसरतो आणि माणूस पाण्यात उतरतो. वायरचा माइकही पाण्यापासून लांबच ठेवा.

अंगावर काय?

पांढरा पातळ कपडा भिजला की आरपार दिसतो आणि बाई संकोचून जाते. गडद, जाड सुती सलवार-कुडता बरा. साडीच नेसायची असेल तर पदर कमरेला घट्ट खोचून पिना लावा. काचेच्या बांगड्या, चष्मा, श्रवणयंत्र काढून ठेवा. बायकांसाठी आडोसा हवाच, आणि बाहेर चादर घेऊन उभी राहणारी बाईच हवी.

पाण्यात

पाणी कमरेइतकं तरी असावं. कमी असलं तर पाळकाची कंबर भरते आणि डोकं कोरडं राहतं. वाहत्या पाण्यात उमेदवाराची पाठ पाणी येतं त्या बाजूला करा. नाहीतर प्रवाह थेट नाकात शिरतो.

उमेदवार हात छातीवर जोडतो आणि एका हाताने रुमाल नाकाला लावतो. पाळक एक हात त्या हातांवर, दुसरा दोन खांद्यांच्या मधे पाठीवर ठेवतो. उमेदवारानं गुडघे वाकवून मागे खुर्चीत बसल्यासारखं जायचं. ताठ राहिला की पाय वर तरंगतात आणि दोघंही कोसळतात, म्हणून आदल्या दिवशी कोरड्या जमिनीवर दोनदा सराव करून घ्या. जड माणसासाठी दुसऱ्या बाजूला एक वडील उभा करा.

बायबलमधल्या मत्तय 28:19 या वचनाप्रमाणे "पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने मी तुला बाप्तिस्मा देतो" हे वाक्य डोकं पाण्याबाहेर असतानाच पूर्ण म्हणा. मग "श्वास घे" असं हळूच सांगून एकदा पूर्ण बुडवा आणि लगेच वर घ्या. तोंडावरचं पाणी निपटू द्या, घाई करू नका. याच क्षणासाठी मंडळी जमलेली असते.

फिट येणारे, हृदयाचा त्रास असलेले, नुकतं ऑपरेशन झालेले किंवा अंथरुणाला खिळलेले यांना बुडवण्याचा हट्ट नको. डोक्यावर तांब्यानं तीनदा पाणी ओतण्याची मुभा मंडळीच्या पहिल्या काळापासून आहे. त्यानं बाप्तिस्मा उणा ठरत नाही.

नंतर

खड्डा त्याच दिवशी रिकामा करा. लहान पोरं त्यात पडतात. नोंदवहीत नाव, जन्मतारीख, बाप्तिस्म्याची तारीख, ठिकाण, पाळकाची आणि दोन साक्षीदारांची सही त्याच दिवशी घ्या, कारण पुढे लग्नाच्या वेळी दुसरी मंडळी हाच दाखला मागते. हा दाखला जन्मदाखल्याची जागा घेत नाही, जन्मदाखला ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महानगरपालिकेतूनच काढायचा. पहिल्या आठवड्यात दोन वडिलांनी त्या माणसाच्या घरी जाऊन प्रार्थना करावी आणि येत्या प्रभुभोजनाला (चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला) त्याला स्वतःच्या शेजारी बसवून घ्यावं.