बॅटरी नवी, तरी सेल्फ जड फिरतो: दोष अर्थिंगच्या पट्टीत

लक्षण असं: पेट्रोल गाडी, चावी फिरवली की सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) रखडत फिरायचा, इंजिन उशिरा पकडायचं. एकदा चालू झालं की काहीच तक्रार नाही. बॅटरी बदलली, सेल्फचे ब्रश बदलले, फरक शून्य. पैसे जात होते आणि कारण कुणी सांगत नव्हतं, याचा फार वैताग आला.

शेवटी मल्टिमीटरने दोष सापडला. आधी फ्युएल पंपाचा फ्यूज काढला, म्हणजे सेल्फ फिरेल पण इंजिन चालू होणार नाही. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर. मीटर डीसी २० व्होल्टवर. बॅटरी नुसती असताना १२.६, सेल्फ मारताना १०.९, म्हणजे बॅटरी ठीक. मग काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवरच (क्लॅम्पवर नाही), लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्याला पाच सेकंद सेल्फ मारायला सांगितलं. मीटरवर १.३ व्होल्ट! इथे ०.२ च्या आसपासच हवेत. लाल पिन बॉडीवर ठेवल्यावर मात्र ०.१. म्हणजे दोष इंजिन ते बॉडी जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत; सेल्फचा करंट हिच्यातूनच बॅटरीकडे परततो.

निगेटिव्ह टर्मिनल काढून पट्टी सोडवली. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेने तिच्या तारा आतून हिरव्या पडलेल्या. नवी पट्टी लावण्याआधी दोन्ही जागा पॉलिश पेपरने चकचकीत घासल्या, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं: ०.१. फ्यूज बसवला, गाडी पहिल्याच झटक्यात चालू.

तुमच्याकडे ही बाजू ठीक निघाली, तर बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टपर्यंत असंच मोजा, तिथे ०.५ पेक्षा जास्त नको.