मुलांना गडावर नेताना संमतीपत्र कुठे ठेवाल?

पालकांची संमतीपत्रं बहुतेक ठिकाणी भरून घेतात, आणि मग ती कार्यालयातल्या फायलीत राहतात. गडावर मूल आजारी पडलं की त्यांचा उपयोग शून्य. मोबाइलमधल्या फोटोवरही विसंबू नका. बॅटरी संपते, रेंज जाते. कागदी प्रतींचे दोन संच करा: एक प्रमुखाच्या सॅकमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत, दुसरा गावात थांबलेल्या, फोन उचलणाऱ्या माणसाकडे. त्याला परतीची वेळही लिहून द्या.

पत्रात रक्तगटाचा रकाना सगळे ठेवतात, पण रुग्णालय तो पुन्हा तपासतंच. त्यापेक्षा दमा, फिट, ॲलर्जी, चालू औषधं मात्रेसह आणि दोन पालकांचे नंबर विचारा. ‘काही त्रास आहे का?’ असं मोघम विचारलं की उत्तर ‘नाही’च येतं, प्रत्येक आजारापुढे हो/नाही छापा. दम्याचा पंप मुलाच्याच खिशात हवा, मागच्या सॅकमध्ये नव्हे.

मोजणी डोकी मोजून नको, मुलांनी क्रमांक पुकारून करा: निघताना, प्रत्येक थांब्यावर, उतरल्यावर. रांगेच्या शेवटी कायम एक मोठा माणूस. गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. गडबड तिथेच होते. रुग्णवाहिकेसाठी १०८.