पुठ्ठा सांगेल तो पत्रा घरी, बाकीचा विकत

घरी स्वतः बांधायच्या गाडीची चॅसी, म्हणजे लोखंडी सांगाडा, वेल्ड होऊन, रंगून स्टँडवर उभी राहिली की बॉडीचा प्रश्न येतो आणि बरेच जण तिथेच अडतात. कुणाला एकूण एक भाग स्वतःच्या हातानं घडवायची हौस असते, तर कुणाला सगळा सेट मागवून मोकळं व्हावंसं वाटतं. माझी गाडी आता रस्त्यावर आहे, सध्या मैत्रिणीच्या गाडीच्या पत्र्याचं काम आम्ही दोघी करतोय. तिला सांगितलं तेच इथे सांगते: पत्रा एकाच दिशेनं वळत असेल तर घरी करा, दोन दिशांनी फुगत असेल तर विकत घ्या. आणि विकतचे भाग आधी आणा, घरचे नंतर बेता.

गाडी कुठली ते आधी सांगायला हवं. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, नॉर्थम्प्टनजवळ, आणि बांधतो ती लोकॉस्ट. म्हणजे कॉलिन चॅपमननं १९५७ साली काढलेल्या लोटस सेव्हनच्या घाटाची, चौकोनी पाइपच्या सांगाड्याची दोन सीटची उघडी गाडी. पहिल्या सेव्हनचं नाक, म्हणजे पुढचं गोल तोंड, तेसुद्धा अ‍ॅल्युमिनियमचं होतं. १९६० साली दुसरी मालिका आली तेव्हा खुद्द लोटसनं नाक फायबरचं, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचं केलं. गोल फुगीर आकार पत्र्यातून ठोकून काढायला कसबी हात आणि भरपूर वेळ लागतो. कारखान्यानं जे सोडलं ते गॅरेजमध्ये धरून बसण्यात अर्थ नाही.

कुठला भाग कुठल्या प्रकारचा हे पुठ्ठा सांगतो. दिनदर्शिकेच्या मागे असतो तसला पातळ पुठ्ठा घ्या आणि त्या भागावर दाबून धरा. चुणी न पडता अंगासरशी बसला, तर पत्राही बसेल. चुणी पडली किंवा कड उचलली गेली, तर तो भाग फायबरचा आणि विकतचा. या कसोटीवर बाजूचे पत्रे, फ्लोअर, मागचा पत्रा, बॉनेट आणि गिअरबॉक्सवरचा बोगदा घरचे ठरतात. नाक, मागचे मडगार्ड आणि पुढच्या चाकांवरची पंखं विकतची. डॅशबोर्डच्या वरची कमान, जिला इथे स्कटल म्हणतात, दोन्हीकडे जाते. मी ती विकत घेतली.

पत्रा अ‍ॅल्युमिनियमचाच घ्या. अडीच मीटर बाय सव्वा मीटरचा १.२ मिलिमीटर जाडीचा पत्रा साधारण दहा किलो भरतो. तेवढाच लोखंडी पत्रा एक मिलिमीटरचा घेतला तरी साडेचोवीस किलो होतो. १०५० एच१४ ही अ‍ॅल्युमिनियमची जात हातानं सहज वळते, पण कोपर लागलं तरी पोचा येतो. ५२५१ एच२२ थोडी ताठ, खाऱ्या हवेला चांगली, आणि बाजूंसाठी माझी पसंती तिलाच. ६०८२ टी६ मजबूत म्हणून कुणी सुचवेल, पण आवळून दुमडलं की ती दुमडीवर तडकते. बॉडीसाठी नको.

बाजूचा पत्रा हे या कामातलं सगळ्यात समाधानाचं काम, म्हणून घाई करू नका. पूर्ण लांबीचं पुठ्ठ्याचं टेम्प्लेट करा, वर आणि खाली पाइपवरून दुमडायला पंचवीस मिलिमीटर सोडा. खुणा मार्करनं करा. टोकदार खिळ्यानं ओरखडा काढला तर नेमका तिथेच पत्रा पुढे चिरतो. दुमडायची रेघ दोन लोखंडी अँगलमध्ये पकडा, वरच्या अँगलची धार कानशीनं गोल करून घ्या, आणि लाकडी मोगरीनं या टोकापासून त्या टोकापर्यंत थोडं थोडं वळवत न्या. एकाच जागी काटकोन करून पुढे सरकलात तर कडेला लाट येते आणि ती जात नाही. मागच्या कोपऱ्याचं गोल वळण ठोकायचं नाही. पत्र्याखाली जुनी चादर घाला, सामान बांधायचे रॅचेटचे पट्टे गाडीभोवती गुंडाळा आणि दर खेपेला एखादा दात आवळा. पत्रा आपसूक पाइपला टेकतो; मैत्रिणीच्या गाडीची उजवी बाजू अशीच बसली, ठोक्याचा एकही डाग नाही.

रिव्हेट मारण्याआधी सगळा पत्रा क्लेकोवर, म्हणजे भोकात घालून पत्रा तात्पुरता धरणाऱ्या स्प्रिंगच्या चापांवर, टांगून बघा. ३.२ मिलिमीटरच्या भोकासाठी तांब्याच्या रंगाचे क्लेको येतात. भोकं मधून सुरू करून दोन्हीकडे जा, दोन रिव्हेटमध्ये साधारण पंचाहत्तर मिलिमीटर ठेवा. मग पत्रा उतरवा, प्रत्येक भोकाची खरखरीत कड मोठ्या ड्रिलनं हातानंच काढा, गर्दा पुसा. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना भिडले आणि मध्ये मिठाचं पाणी गेलं की अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मालवणला समुद्राकाठी गाडी ठेवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. म्हणून पाइप नीट रंगवलेला हवा, मध्ये पॉलियुरेथेन सीलंटची सलग धार हवी, आणि रिव्हेट अ‍ॅल्युमिनियमचे. पत्र्यावरची प्लास्टिकची फिल्म रिव्हेटच्या रेघेपुरतीच सोला, पण उन्हात ठेवू नका, भाजून चिकटते.

आता विकतचे भाग. मागवताना चॅसीचं माप लिहून पाठवा. मूळ मापाची लोकॉस्ट वेगळी आणि ‘४४२’ वेगळी: चार इंच लांब, चार इंच रुंद, दोन इंच उंच. एकीचं नाक दुसरीला लागत नाही. नाक हातात आल्याशिवाय पुढची फ्रेम आणि रेडिएटरचे ब्रॅकेट कायमचे वेल्ड करू नका. माल आला की आतली बाजू उजेडाकडे धरून बघा, काचतंतूची मॅट रेझिनविना कोरडी राहिलेली जागा पांढुरकी दिसते. नाण्यानं ठोका, आवाज बद्द आला तिथे थरांमध्ये हवा आहे. मडगार्डची जोडी एकमेकांना पाठीला पाठ लावून मोजा. माझ्या जोडीत एक मडगार्ड बोटभर लांब होतं, विक्रेत्यानं ते बदलून दिलं, पण भोकं पाडल्यावर कुणी बदलून देत नाही.

बॉनेट सगळ्यात शेवटी. नाक आणि स्कटल बोल्टवर पक्के झाल्याशिवाय त्याचं टेम्प्लेट काढायचंच नाही. पत्रा ११० मिलिमीटरच्या ड्रेनेज पाइपवर अंगानं दाबून वळवा आणि दोन्ही कडा आत दुमडून चपट्या करा. त्या दुमडीनंच बॉनेटला ताठपणा येतो.

फायबर घरी करायचंच असेल तर हिशोब करा: एका भागासाठी आधी नमुना, मग साचा, मग भाग. एकाच गाडीसाठी हे परवडत नाही. पुण्याच्या कॉलेजातली मुलं फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या रेसगाडी स्पर्धेसाठी कोइम्बतूरला गाडी नेतात, त्यांचा आकारच नवा असतो, त्यांना साच्याशिवाय इलाज नाही. करणार असाल तर खोली पंधरा अंशांच्या वर हवी, नाहीतर रेझिन चिकटच राहतं. रेझिन घट्ट करणारं हार्डनर एक ते दोन टक्के. हार्डनर आणि त्याचं काम जलद करणारं कोबाल्ट अ‍ॅक्सिलरेटर थेट एकमेकांत कधीही मिसळू नका, स्फोट होतो. हार्डनर डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नका.

गाडी रस्त्यावर आणायला इथे आयव्हीए, म्हणजे एकेका गाडीच्या मंजुरीची सरकारी तपासणी द्यावी लागते. माणसाचा स्पर्श होईल अशा बाहेरच्या कडांना किमान २.५ मिलिमीटरची गोलाई लागते. कापलेल्या पत्र्याला ती नसते, म्हणून दुमड किंवा रबराची किनार हवी, आणि किनार ओढली तर निघता कामा नये. पंखं चाकाच्या मध्यापासून पुढे ३० आणि मागे ५० अंश झाकतात का, हे पंखं धरणारे स्टे वेल्ड करण्याआधी कोनमापकानं बघा.

बोगद्याचा वरचा पत्रा मात्र रिव्हेटनं कधीच बंद करू नका. त्याखाली मागच्या चाकांकडे ताकद नेणारा प्रॉपशाफ्ट आहे, हँडब्रेकची केबल आहे, बहुतेक गाड्यांत ब्रेकचा पाइपही तिथूनच जातो. तिथे रिव्हनट, म्हणजे रिव्हेटसारखे भोकात बसणारे नट, आणि स्क्रू घाला, आणि सीलंटऐवजी फोमची पट्टी.